आधी फ्रीज, मग मी

मी, दत्ताराम सगुण वायंगणकर, वय वर्षे अडुसष्ट, सरकारी बसचा निवृत्त कंडक्टर, राहणार मये, तालुका डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि दोन उंडे पाव व पातळ भाजी पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या घरात दबाव आणणारी व्यक्ती एकच, माझी पत्नी सौ. सुविधा, आणि ती आत्ता पाठीमागे उभी राहून वाचते आहे. "फ्रीजाचें आदीं बरय," म्हणते. थांब गो, घराचे आधी लिहावे लागते, नाहीतर नोटरीबाई ओरडतील.

हे आत्ताच का, तर येत्या शनिवारी, २२ नोव्हेंबरला, पणजीला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. हर्निया कशाने झाला ते कलम २ मध्ये येईल. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधेच आहे, फक्त भूल द्यायला तुमचे हृदय जरा कच्चे आहे. मी घाबरलेलो नाही. मला घाई आहे! कारण दुसऱ्याच दिवशी, रविवारी २३ तारखेला सकाळी, जुनी विजेची उपकरणे नेणारी गाडी आमच्या देवळासमोर येणार आहे. पंचायतीत चार अर्ज केले, तेव्हा कुठे येते आहे. आणि नेमका त्या दिवशी मी खाटेवर. म्हणून सगळे लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. घर आणि ठेवी. गोव्याच्या कायद्याने घराचा अर्धा भाग लग्नापासूनच सुविधाचा आहे, तो तिला देणारा मी कोण? उरलेल्या अर्ध्यातला अर्धा माझा मुलगा सुदेश, नोकरी वास्को बंदरात, याला कायद्यानेच जातो. म्हणजे माझ्या मर्जीचा हिस्सा रुपयात चार आणे. तोही मी सुविधालाच देतो. दारापुढच्या बाल्कांवातली माझी खुर्चीसुद्धा तिची. तिच्यावर ती बसणार नाही, कपडे वाळत घालील, हे मला माहीत आहे.

कलम २. विजेच्या लहान वस्तू. मिक्सर, दोन इस्त्र्या, रेडिओ आणि पेटीचा टीव्ही या वस्तू वारसांना मिळणार नाहीत, कारण त्या मी स्वतः पोचवल्या आहेत! आमच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती. एकतीस वर्षे बसमध्ये उभा राहिलेल्या माणसाला गाडी कशाला? जुनी उपकरणे रीतसर घेणारे केंद्र पणजीला आहे, हे कळले त्या दिवशी मला आनंदाने जेवण गेले नाही. दुसऱ्या सकाळी इस्त्र्या आणि मिक्सर कंडक्टरच्या जुन्या चामडी पिशवीत घातले आणि निघालो. तिसऱ्या फेरीला टीव्ही. माझ्याबरोबर अठरा वर्षे बस चालवलेला गुरुदास परब मुद्दाम पेडण्याहून आला. दोघांनी टीव्ही चादरीत बांधून चढवला आणि मी रीतसर सामानाचे तिकीट मागितले. कंडक्टर पोरसवदा. म्हणाला, "काका, टीव्हीक जनेलाकडची सीट कित्याक?" मी म्हटले, "तिकीट काडलां मरे, बसूं दी ताका!" अख्खी बस हसली. टीव्ही खिडकीतून बाहेर बघत पणजीपर्यंत गेला. त्याला उतरवतानाच माझ्या पोटात काहीतरी तटकन झाले. तो हर्निया. पण केंद्राची पावती मिळाली आणि ती घेताना मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखे वाटले. सगळ्या पावत्या आल्मारात निळ्या फायलीत आहेत. सुदेशने त्या रद्दीत घालू नयेत.

कलम ३. फ्रीज. आता मुद्द्यावर येतो.

आमचा पहिला फ्रीज जुन्या पद्धतीचा होता, खटकन बंद होणाऱ्या मुठीचा. दर दसऱ्याला सुविधा त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. २००० साली तो बंद पडला. पूजलेली वस्तू भंगारात कशी द्यायची? आमच्याकडे भंगलेली मूर्ती किंवा फाटलेला देवाचा फोटो कोणी कचऱ्यात टाकत नाही. गावाच्या सीमेवरच्या वडाखाली, राखणदार देवाच्या पायाशी नेऊन ठेवतात. मी आणि माझा भाऊ गोकुळदास यांनी फ्रीजही तिथेच नेला. वर जास्वंदीचे फूल ठेवले, हात जोडले आणि घरी येऊन मी छाती फुगवून सांगितले, रीतसर पोचवला!

आठव्या दिवशी शेजारच्या गोविंद कारबोटकरांची क्षमा, वय वर्षे सहा, लपाछपी खेळताना त्यात शिरली. दार खटकन लागले. आतून ते उघडत नसे. सुविधा राखणदाराला फूल वाहायला गेली होती म्हणून तिला ठोके ऐकू आले. आधी तिला वाटले, देवच बोलतो आहे. मग तिने धावत जाऊन मूठ ओढली. पोर घामाने भिजलेली, ओठ निळे पडलेले. म्हणाली, "काकी, म्हाका कोणूच सोदूंक आयलो ना." कोणी शोधायलाच आले नाही, याचे तिला वाईट वाटत होते. आपण कशातून वाचलो ते तिला कळलेही नव्हते.

सुविधाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "दार तरी काढायचे होते तुम्ही." पंचवीस वर्षे झाली. ते वाक्य मला रोज ऐकू येते.

दुसरा फ्रीज त्यानंतर घेतला. तो यंदा गणेश चवथीच्या तोंडावर बंद पडला. त्याचे दार नुसते चुंबकाने लागते, मूठ नाही, तरी येताजाता मी ते उघडून आत कोणी नाही ना ते बघतो. घाईघाईत नवा आणला तेव्हा जुना परत नेता का, हे दुकानात विचारायचे मी विसरलो. विचारले असते तर नवा उतरवून त्याच टेम्पोने जुना गेला असता. सुदेश, तू हे विसरू नकोस. गोकुळदास तर म्हणाला, "कित्याक इतलो त्रास? व्हरून दवर परत वडामुळांत!" पुन्हा वडाखाली! त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतेच बोलतो.

म्हणून माझी आज्ञा अशी:

(अ) पहिल्यांदा दार काढावे. दार काढल्याशिवाय फ्रीज घराचा उंबरठा ओलांडणार नाही. हे काम मला जमले नाही. पेचकस हातात घेऊन तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

(आ) मागची तांब्याची नळी कोणी कापू नये. भंगारवाला तांब्यासाठी आधी तीच कापतो आणि आतला वायू हवेत सोडून देतो. फ्रीज केंद्रात अख्खा गेला पाहिजे.

(इ) आमचे घर रस्त्याखाली बेचाळीस पायऱ्यांवर आहे, वाहन येत नाही. गणपतीवर फळे टांगायच्या माटोळीमागचे दोन लांब बांबू काढून, चवथीला गणपती वर नेतो तसा फ्रीज उभाच न्यावा, आडवा करू नये. चार खांदे लागतील. एक सुदेश, दोन गोकुळदास, तीन गुरुदास. चौथा माझा होता. ती जागा रिकामी.

(ई) मी शनिवारी गेलोच तर रविवारी सकाळी घरात खांदे आयतेच जमतील. त्यांनी आधी फ्रीज वर न्यावा. गाडी साडेनऊला सुटते. मला कसलीही घाई नसेल. आधी फ्रीज, मग मी.

(उ) पावती निळ्या फायलीत लावल्यावरच बाराव्याचा विचार करावा.

"कसले अभद्र लिहिता?" सुविधा म्हणते. अभद्र नाही गो, वेळापत्रक आहे.

कलम ४. गोकुळदास. याच्याकडे व्हॅन आहे. चवथीपासून तीनदा मागितली. एकदा चाक बसले, एकदा सोयरे आले, तिसऱ्यांदा म्हणाला, सीटवर डाग पडतील. त्याला मी डिचोली-पणजी बसचे वेळापत्रक, प्लास्टिक चढवलेले, देतो. म्हातारपणी उपयोगी पडेल. त्याने रविवारी खांदा दिला तर बाकी सगळे विसरलो असे समजावे.

कलम ५. क्षमा. गोविंद कारबोटकरांची क्षमा आता एकतीस वर्षांची आहे, डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या हुकुमांची अंमलबजावणी करणारी म्हणून मी तिलाच नेमतो. माझा मुलगा चांगला आहे, पण तो 'बघूया' म्हणतो. ही बघत नाही, करते.

क्षमा, पंचवीस वर्षे मी तुझी माफी मागायचे ठरवतो आहे. दर वेळी तोंड उघडून "क्षमा..." म्हणतो, तू "ओ काका" म्हणतेस, आणि पुढचे गिळून मी तुला चहा विचारतो. तुझ्या आईबापांनी नाव दुसरे ठेवले असते तर मी केव्हाच सुटलो असतो. आज लिहून मागतो. देवाच्या पायाशी मी एक सापळा ठेवला आणि वर फूल वाहिले. चूक माझी होती, फक्त माझी.

तुला मी माझी कंडक्टरची पितळी शिटी देतो. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. रविवारी बांबू खांद्यावर आले की तू दोन मारायच्या. आणि पुढे कधी कुठे अडकलीस तर ती तोंडात धर. या वेळी शोधायला पहिला मी येईन, असलो तर.

वरील सर्व मजकूर मी वाचून, सुविधाला ऐकवून, तिने सुचवलेल्या दोन दुरुस्त्या नाकारून सही केली आहे.

ठिकाण: डिचोली, गोवा. दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५.
(सही) दत्ताराम सगुण वायंगणकर

साक्षीदार:

१. (सही) गुरुदास परब, पेडणे. माझा खांदा नक्की. सामानाचे तिकीट कोण काढणार ते लिहिलेले नाही.

२. (सही) क्षमा गोविंद कारबोटकर, मये. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे नोटरीबाईंनी सांगितले. ते ऐकूनच सही केली आहे. म्हणजे काका, शिटी तुमच्याकडेच राहणार. फ्रीजचे दार आज सकाळी मी माझ्या हाताने काढले. काकी पेचकस धरायला होत्या. चौथा खांदा माझा. रविवारी नऊ वाजता मी पायरीवरून फोन लावीन. खाटेवरूनच दोन शिट्या मारा. हळू मारा, टाके आहेत.