बगळ्याच्या पुस्तकाची व्यवस्था

बाबांनी छप्पन सालच्या धर्मांतराच्या वर्षीच मला कॉन्व्हेंटमध्ये घातले. सुरुवातीला बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामीच असे. मग एके दिवशी मंदाकिनी दप्तर उचलून तिथे येऊन बसली. त्या बाकावर उजेड चांगला होता म्हणून, असे ती पुढे सांगायची. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच पुस्तकावर डोकी टेकवून वाचत असू. तिचे आधी वाचून व्हायचे. मग ती माझ्या कोपराला ढोसायची आणि मी म्हणायची, "थांब गं, बगळा अजून बोलतोय."

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे आमच्या वकीलबाईंनी सांगितले. पण मला जी व्यवस्था लावायची आहे ती त्या बाकापासूनच सुरू होते, तेव्हा हे राहू द्यावे.

मी, कुमारी चंपा सुखदेव रणपिसे, वय एकसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. डोके मात्र जागेवर आहे, असेही त्यांनीच लिहून दिले आहे.

१. बिबवेवाडीतील फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो माझी भाची पूर्वा समाधान रणपिसे हिला द्यावा. मंदाकिनी हयात असेपर्यंत तिला तिथे राहण्याचा हक्क असेल. तिचा मुलगा केयूर अमेरिकेला गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. ती आली तेव्हा माझा धाकटा भाऊ समाधान म्हणाला होता, "ताई, परक्या बाईला घरात घेतेस. उद्या तिचा मुलगा हक्क सांगेल." मंदा आतून म्हणाली, "समाधान, तुझं शेंबडं नाक पुसायला रुमाल माझाच लागायचा रे!" तेव्हा तिला सगळे आठवत होते.

२. समाधानला माझे लोखंडी कपाट द्यावे. त्याची एक किल्ली त्याने सांभाळायला म्हणून नेली होती, ती तो अजून सांभाळतोच आहे.

३. बँकेतील ठेवी मंदाच्या औषधपाण्यासाठी आणि तिला सांभाळणाऱ्या राधाबाईंच्या पगारासाठी वापराव्यात. तिच्या पश्चात जे उरेल ते राधाबाईंचे.

४. आता पुस्तक. घरात त्याच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांना जायच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली प्रत शाळेची. एक मुलगी कोरड्या विहिरीच्या पायऱ्या उतरून खालच्या शहरात जाते, तिथे तिला एक लंगडा बगळा भेटतो, अशी ती गोष्ट. आम्ही त्याला बगळ्याचे पुस्तक म्हणत असू. शेवटची पाने फाटलेली होती, म्हणूनच सिस्टरनी ते आम्हाला देऊन टाकले. मुलगी वर जायला निघते, पहिल्या पायरीवर पाय ठेवते आणि पुस्तक संपते. ती खाली परत येते की नाही, यावरून वर्गात भांडणे झाली. शेवटी मंदाने निकाल दिला: "ती फक्त आईला सांगायला गेली. सांगून परत आली."

तोच आमचा शेवट ठरला. पुढे दर नाताळच्या सुट्टीत वर्गातल्या मुली कोणाच्या तरी घरी जमायच्या. लग्ने झाली, मुले झाली, तरी जमायच्या. पाळीपाळीने मोठ्याने वाचायचे. फाटक्या पानाशी आले की मंदाने विचारायचे, "आली का गं?" आणि सगळ्यांनी ओरडायचे, "आली!" मग केक कापायचा.

केयूर नोकरीला लागला तेव्हा त्याने आम्हा दोघींना एका सायबर कॅफेत नेले. "चंपामावशी, हे बघ. तुमच्यासारखे वेडे जगभर आहेत." कुठल्याशा देशातल्या एका आजोबांनी आपल्या विहिरीवर लाकडी बगळा बसवला होता. मंदाच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे केयूरने अमेरिकेहून अख्खी प्रत पाठवली. मंदा अंघोळीला गेली असताना मी शेवटची पाने वाचली. मुलगी परत येत नाही. विहीर बुजवतात. बगळा तसाच उभा राहतो. जगभरच्या लोकांना हाच शेवट प्रिय आहे, त्यांच्याशी माझे भांडण नाही. मी ते पुस्तक डाळीच्या डब्यामागे ठेवले.

आता मंदा केयूरचा फोन घेते आणि विचारते, "कोण, गॅसवाले का?" पण संध्याकाळी मी शाळेची प्रत उघडली की ती शेजारी येऊन बसते आणि पान उलटायला कोपराला ढोसते. शेवटी विचारते, "आली का गं?" मी म्हणते, "आली." मग ती जेवते. ज्या दिवशी वाचले नाही, त्या दिवशी ती दाराशी उभी राहते आणि ताटाला हात लावत नाही.

५. माझ्यामागे केयूर तिला वाघोलीच्या एका संस्थेत ठेवणार आहे. तो वाईट मुलगा नाही.

"मावशी, तिथे चोवीस तास नर्स असते."

"आणि वाचून कोण दाखवेल?"

"तिला आता काय कळतं, मावशी?"

तो मुलगा आहे, निर्णय त्याचा. मी तिची कायद्याने कोणीच लागत नाही. वर लिहिलेला राहण्याचा हक्क तो तिला इथे राहू देईल तेवढाच खरा. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, वाचून दाखवावे ही अट कोर्टात टिकणार नाही." मी म्हटले, "लिहा तरी." पूर्वालाही विचारले. "आत्या, मला हिंजवडीहून यायलाच नऊ वाजतात." "अगं, रविवारी तरी?" "बघते." त्या 'बघते'वर मी हे लिहिते आहे.

६. अमेरिकेची प्रत केयूरची केयूरला परत द्यावी. त्याला मूल झाले की त्याने ती वाचून दाखवावी, सुंदर पुस्तक आहे. मात्र ती मंदाच्या खोलीत नेऊ नये.

शाळेची प्रत पूर्वाला. मंदा बिबवेवाडीत असो वा वाघोलीला, जमेल त्या रविवारी पूर्वाने ती घेऊन जावे, तिच्या उजव्या हाताला बसावे आणि फाटक्या पानापर्यंत वाचावे. मंदा विचारेल, त्यावर "आली" म्हणावे. कधी तिने माझे नाव घेऊन विचारले, तर चंपा आईला सांगायला गेली आहे, असे सांगावे.

पुणे, १२ नोव्हेंबर २००६

(सही) चंपा सुखदेव रणपिसे

वरील सही चंपाताईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

(सही) बद्रीनाथ काळोखे, शेजारी
(सही) डॉ. उत्तरेश्वर माने