हे पानी कोनं भरलं?

बाबा,

काल मंगरूळपीरला जाऊन आले. तुमच्याबरोबर मेडिकलला शिकलेले, पुढे मेळघाटात हिवतापाच्या मागे लागलेले तुमचे मित्र, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, ते अजून आहेत. तुम्हा चौघा मित्रांतले तेवढे एकटेच उरले. तब्येत बरी आहे, पण डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. तुम्ही गेलात हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागायचं आणि दर वेळी ते नव्याने रडायचे, म्हणून त्यांच्या सुनेने सांगणंच सोडून दिलं. गेल्या पावसाळ्यापासून ते पुन्हा तुम्हाला पत्रं लिहू लागलेत. सून बिचारी ती वाशीमला माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते. पहिलं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. नमस्कार नाही, खुशाली नाही. ‘पाऊस लागला. तुझ्याकडे ताप कसा आहे? इकडे सांजवेळी डास फार,’ एवढंच, आणि अगदी खाली, रेघ ओढून, ‘चूक : सुनेला सांगितलं, जेवलो नाही. जेवलो होतो.’ मी हसले. मग सुनेला फोन केला, तेव्हा तिने सांगितलं की चौघांचा तसा नियमच होता. पत्राच्या शेवटी प्रत्येकाने त्या महिन्यातली आपली एक चूक लिहायची. वर साहेबांना जाणाऱ्या अहवालात चुकांना जागा नसते, म्हणून त्या एकमेकांना कळवायच्या. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याला लागू नये. हे मला इतक्या वर्षांनी, फोनवर, परक्या बाईकडून कळलं.

तुम्ही पत्रं लिहायचे ते मात्र मला चांगलं आठवतं. वाशीमजवळच्या मालेगावचं ते सरकारी क्वार्टर, तुम्ही हिवताप खात्यात. रविवारची सकाळ आहे, तुम्ही स्वयंपाकघरात खिडकीशी पाट टाकून बसला आहात, कारण उजेड तिथेच चांगला. मांडीवर फळी, फळीवर निळं अंतर्देशीय. आई भाकरी थापते आहे आणि मी पुस्तक समोर धरून अभ्यासाचं सोंग करते आहे. आई तांब्यातलं शिळं पाणी मोरीत ओतायला उठते आणि तुम्ही मान वर न करता विचारता, “हे पानी कोनं भरलं?”

“कोन भरन? मीच भरलं. तुमच्या सायबानं येऊन भरलं काय?”

“मंग सांड.”

ज्याने भरलं त्यालाच सांडायचा हक्क, असा तुमचा कायदा. मी भरलेलं पाणी आईने ओतायचं तर तिने मला विचारायचं. नागपूरला होस्टेलवर मी हा किस्सा रंगवून सांगायचे, आमच्या बाबांकडे पाण्यालासुद्धा मालक लागतो म्हणून. मुली खूप हसायच्या. तुम्ही असं का करता, हे विचारायचं मात्र माझ्या कधी मनात आलं नाही. बाप विक्षिप्त आहे एवढं मी धरून चालले होते आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

मेडिकलला नंबर लागला तेव्हा मला स्टेथोस्कोप हवा होता. तुम्ही दिली ती एनॅमलची पांढरी पळी, लांब दांड्याची. रांजणातलं, डबक्यातलं पाणी घ्यायचं आणि पांढऱ्या तळावर अळ्या वळवळतात का ते बघायचं. आईने ती स्वयंपाकघरात येऊ दिली नाही आणि मी होस्टेलवर नेली नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. बोललात ते पुढे, मी वाशीमला स्वतःचा दवाखाना टाकला तेव्हा. नारळ फुटला, पेढे वाटले, तुम्ही नव्या खुर्चीत बसून पाहिलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, “माय, तू आलेला ताप उतरवत राहशीन. मी तर येऊच देत नव्हतो.” पाहुणे हसले. मला ते फार लागलं. तुम्ही नेहमी बरोबर असायचे, बाबा, आणि तुमचं ते बरोबर असणं माझ्या डोक्यावर टांगलेलं असायचं. त्या दिवसापासून डास, अळ्या, फवारणी यातलं एक अक्षर मी तुमच्याशी बोलले नाही. रविवारी फोन, जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, ठेवते. तुमच्याकडेही याहून जास्त काही नसायचं.

आलेली पत्रं तुम्ही रिटायर झाल्यावर बंबात घातलीत. मी सुटीत घरी आले होते. सकाळी तुम्ही अंगणात उकिडवे बसून एकेक पत्र उलगडत होता, वाचत होता आणि चुरगाळून आत सारत होता. मी म्हटलं, “बाबा, काहून जाळता? राहू द्या ना.” तुम्ही म्हणालात, “काम झालं त्यायचं.” मग मी त्या पाण्याने आंघोळ केली. पाणी छान तापलं होतं, एवढंच मला त्या सकाळचं आठवायचं. आता वाटतं, तुमच्या हातातून एक तरी पत्र ओढून घ्यायला हवं होतं. तुम्ही ओरडला असता, ओरडू द्यायचं होतं.

आता या महिन्याचं सांगते. वाशीममधल्या एका गल्लीतून माझ्याकडे डेंगीचे पेशंट येऊ लागले, एकामागून एक. त्यातली एक पोर फार आजारी झाली. प्लेटलेट घसरत गेल्या आणि तिची आई माझ्या टेबलाशी उभी राहून नुसती बघायची. पोर वाचली, पण मी घाबरले. सगळे पेशंट एकाच गल्लीतले, म्हणून तुमची लेक प्रथमच खुर्चीतून उठून गल्लीत गेली. त्या पोरीच्या अंगणात निळा ड्रम होता, वर काही झाकण नाही, आणि आत अळ्याच अळ्या. मी तिच्या आईदेखत तो आडवा केला. केवढं तरी पाणी नालीत गेलं. मला वाटलं, बाबा असते तर खूश झाले असते. ती बाई म्हणाली, “डॉक्टरीनबाई, तुमच्या घरी बोअर हाय.” नळ आठवडाभर आला नव्हता, हे मला नंतर कळलं. पुढच्या वेळी गेले तर सगळ्या गल्लीत ड्रम उपडे, अंगणं कोरडी, अळी औषधाला सापडेना. आणि पेशंट मात्र येतच राहिले. गल्लीतल्या बाया माझ्याशी गोड बोलायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या. ताप कुठून येतो आहे हे मला कळेना, आणि पुढचं पोर कोणाचं असेल या विचाराने जेवण जाईना.

त्यातच काकांचं कार्ड आलं : ‘तुझं उत्तर नाही. रागावलास का?’ ते मला बघवेना. मी तुमच्यासारखं तिरपं अक्षर काढलं, तुमच्यासारखी ताप, पाऊस, डास अशी सुरुवात केली आणि रेघ ओढली. पण मेलेल्या माणसाची या महिन्यातली चूक कुठून आणायची? मग माझीच लिहिली : ‘चूक : एका घरी ड्रम ओतला. बाई रागावली.’ पोस्टात टाकायचा धीर होईना, म्हणून स्वतःच घेऊन गेले. काकांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाले, वाच. मी वाचलं. शेवटची ओळ ऐकल्यावर ते माझ्याकडे वळले.

“हे चूक त्याची नोय.”

मी पत्र खाली ठेवलं.

“त्याची झालती, पन ते जुनी. येकच चूक दोनदा नाई लिहीत तो.” मग म्हणाले, “आता तुले तिथं अळ्या भेटत नसतीन.”

“नाही भेटत, काका.”

“भेटनच नाई. पानी आत नेलं असन त्यायनं.”

आणि त्यांनी सांगितलं, बाबा. काल काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, पण तुमचं ते पत्र तोंडपाठ आहे. किन्हीराजाकडचं एक खेडं, कडक उन्हाळा, हातपाय धरणारा ताप. तुम्ही एका बाईचा रांजण तिच्या डोळ्यांदेखत उपडा केला होता. ती ते पाणी लांबच्या विहिरीवरून आणायची. ती एक शब्द बोलली नाही. “मंग साऱ्या गावानं पानी कोठीत नेलं, धान्याच्या मांगं. हा जाये, कोरडे रांजन पाये, अन् वर लिहून देये, गाव साफ. अन् ताप वाढून राह्यला!” काका खुर्चीत पुढे सरकून हसत होते. “मंग त्यानं काय केलं मालूम हाय? हंडा घेतला अन् गेला इहिरीवर. पाटलाचं पोरगं, डॉक्टर, डोक्यावर हंडा! गाव हासून राह्यलं. दोन खेपा झाल्या. तिसरी घेऊन आला तं त्या बाईनं कोठीचं दार उघडलं. म्हने, पाहा, कुठं काय हाय ते. मंग यानं पानी सांडलं नाई. फडक्यानं गाळून तिचं तिले देल्लं, अन् रांजनाच्या तोंडाले फडकं बांधलं.”

काकांनी विचारलं, “पोरीले सांगतलं नाई काय त्यानं हे?”

“नाही.”

“नसन सांगतलं. पोरीसमोर कोन बाप चुकते?”

परतीच्या एसटीत मी रडले. त्या बाईच्या सांडलेल्या पाण्यासाठी नाही. तुम्ही आयुष्यभर दर महिन्याला आपली चूक तिघांना लिहून कळवलीत, आणि मला फक्त तुमचं बरोबर असणं दिलंत. त्यातली एक जरी मला सांगितली असतीत, त्या पेढ्यांच्या दिवशी, नाहीतर फोनवर, गोळी घेतली असं सांगून झाल्यावर, तर मी ती पळी नेली असती. आणि माझ्या चुका तरी मी तुम्हाला कुठे सांगितल्या? कितीतरी होत्या. तुम्हाला त्या ऐकायला आवडल्या असत्या, हे मला काल कळलं. आपण दोघं एकाच रोगाच्या मागे होतो आणि एकमेकांना एक पत्र लिहिलं नाही.

आज सकाळी त्या गल्लीत गेले. त्या बाईकडे तिचाच हंडा मागितला. ती म्हणाली, “कायले?” मी म्हटलं, “मी सांडलं, मी भरते.” कोपऱ्यावर हापशी आहे, तिथून गल्लीत यायला चढउतार फार. बाया दारात आल्या, पोरं मागे लागली, हसली. पहिल्या खेपेला निम्मं पाणी माझ्या अंगावर. ड्रम काही माझ्याने भरला नाही, पण तिने स्वतःच हात लावला आणि मग म्हणाली, “या आत.” पलंगाखाली, कपाटामागे, देव्हाऱ्याच्या बाजूला भांडी होती, उघडी, भरलेली. दुपारपर्यंत आम्ही तिच्या जुन्या लुगड्याची फडकी फाडत होतो. प्रत्येक भांड्यापाशी मी आधी विचारलं, हे पाणी कोणी भरलं. उद्या शेजारच्या घरी जायचं आहे.

काकांना पुढचं पत्र मी माझ्या नावाने आणि माझ्या अक्षरात लिहीन. हे कुठे टाकणार? इथेच ठेवते. पण नियम आहे म्हणून रेघ ओढते.

चूक : दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत हंडा खाली ठेवून ओट्यावर बसले. त्या बाईला सांगितलं, कंबर धरली. कंबर ठीक आहे, बाबा.