उसवलेलं दाखवा

ता. ४ मार्च

चि. खारूस आजीचा तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझी एमआरआयची फिल्म पाहून तू लिहिलंस, की कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकलीय आणि तिनं पायाची नस दाबलीय. मी आपली मशीनला दोष देत होते. पाय पायडलावर आहे की जमिनीवर तेच कळत नाही, वाकून बघावं लागतं. परवा एका गिऱ्हाइकाचा कोट शिवताना पाय थांबलाच नाही, बाही थेट खिशाला शिवली गेली. तुझा बाबा आधी हसला, मग त्यानं मशीनवर झाकण घातलं.

नस लवकर मोकळी केली नाही तर पाय असाच राहील म्हणतेस. पाय गेला की मशीन गेलं. मग मी दिवसभर तुझ्या आईच्या स्वयंपाकात चुका काढत बसेन, तेव्हा तिच्यासाठी तरी घाई कर.

पण नळीतून ऑपरेशन म्हणजे काय ते सांग. नळी बटणाएवढी म्हणशील तर शर्टाच्या की कोटाच्या? आत उजेड कुठून येतो? दोन हत्यारं एकमेकांना अडत नाहीत का? पडद्याच्या नेफ्यात दोरी ओवताना मी कापडावरून पिन चाचपते, या डॉक्टरांच्या हाताला बाहेरून काय लागतं? सगळं लिही. विषय सोडून लिहिलंस तरी चालेल, मी काय वेगळं करते.

लोभ आहेच, तो वाढव. आणि वेळेवर जेव.

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस खारूचा सा. न. वि. वि.

नळी कोटाच्या बटणाएवढी. आधी अगदी बारीक नळी घालतात, तिच्यावर जराशी जाड, मग आणखी जाड. त्यामुळे स्नायू कापावा लागत नाही, तो बाजूला सरतो. उजेड वरच्या मोठ्या दुर्बिणीतून येतो. हत्यारं पायरीसारखी वाकलेली असतात, म्हणून हात नजरेआड येत नाही. बाहेरून हाताला काहीच लागत नाही. एक्स-रेवर बघून जागा धरतात.

तुमच्या गावात या कामात नावाजलेले दोघं आहेत. एक पदकवाले सर, देशोदेशी जाऊन शिकवतात, त्यांची जखम सगळ्यांत लहान. दुसऱ्या बाई, सरांच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत. माझं मत सरांना. तुझी केस सोपी आहे, फिल्म मी स्वतः वाचलीय, दवाखान्यात दिवसभर तेच तर करते. फक्त डॉक्टरांची परीक्षा घेऊ नकोस.

आशीर्वाद असू दे, टोमणे थोडे कमी असले तरी चालतील.

तुझी खारू

ता. १६ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

परीक्षा घेतली. रागावू नकोस, पुढं वाच.

तुला माहीत आहे, दुकानात नवी शिकाऊ बाई आली की तिनं शिवलेलं मी कधी पाहिलं नाही. चांगलं काय, कुणीही दाखवतं. मी उसवलेलं मागायचे. कुठं उसवलं, का उसवलं, कापड फाटलं का, हे जिला सांगता आलं तिला ठेवायचे. म्हणून दोघांनाही एकच विचारलं, की नळीनं सुरू करून मधेच मोठं उघडावं लागलं असं किती वेळा झालं.

सर फार गोड माणूस. भिंतीवर पदकं, मणक्याचा सांगाडा तर असा चकचकीत की मी हात लावून पाहिला. ते म्हणाले, एकदाही नाही. मी म्हटलं ते कसं काय. तर म्हणाले, जिथं तशी शंका असते ती केस मी घेतच नाही. मी विचारलं, मग त्या बिचाऱ्या जातात कुठं. हसून खिडकीतून पलीकडच्या इमारतीकडं बोट दाखवलं.

तुझा बाबा नको नको म्हणत असताना मी रस्ता ओलांडला. बाईंच्या खोलीत पदक नाही, एक कुंडी आहे, तीही सुकलेली. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, सहा वेळा. सहाही सांगितल्या, नावं सोडून. एकीत रक्त थांबेना, एकीत हाडाचा तुकडा नळीच्या कडेआड लपला. शेवटची गेल्या महिन्यातली. ती सांगताना त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाईंकडंच चोवीस तारीख ठरली. जखमेची लांबी मी कुणाला दाखवायला जाणार आहे?

रागासकट लोभ असू दे.

तुझी आजी

ता. २६ मार्च

चि. खारूस आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पलंगावर लिहितेय. मी सातवी.

काल सकाळी चहाच्या आधी बाई एकट्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि मी काही विचारायच्या आत सांगितलं. आत एकीऐवजी दोन नसा एकाच जागेतून जुळ्यासारख्या निघालेल्या. नळीतून एवढीशी जागा दिसते, ओढाताण केली असती तर पाय कायमचा गेला असता. त्यांनी नळी काढली आणि मोठं उघडलं. जखम चार बोटं. मी म्हटलं, अस्तर कुठं अडकलंय ते दिसत नसेल तर मीसुद्धा शिवण उसवते, आत हात घालून खेचत नाही. त्या हसल्या. मग बराच वेळ माझ्या पायाचा तळवा पेनाच्या टोकानं तपासत बसल्या. अजून बधीर आहे. थांबू म्हणाल्या.

तू भिऊ नकोस. मी थोडीशी भ्यायलेय, तेवढं पुरे.

तुझी आजी

ता. ३१ मार्च

ती. आजीस सा. न.

तुझी फिल्म पुन्हा काढून बसले. आजी, त्या जुळ्या नसा तिथं आहेत. फिकट आहेत, पण आहेत. मी सोपी केस म्हणून पुढं गेले. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांनाही दिसल्या नव्हत्या. मला त्यानं बरं वाटलं नाही. तुला हे कसं लिहावं कळत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

खारू

ता. ११ मे

चि. खारूस आजीचा तोंडभरून, दोन्ही हातांनी आशीर्वाद. वि. वि.

आज मशीनवर बसले. चप्पल काढून पायडलावर पाय ठेवला आणि तिथली लोखंडी नक्षी तळव्याला टोचली. गारही लागली. मी एवढ्यांदा हसले की तुझी आई कढई सोडून धावत आली. करपलं ते करपलं, मी एक शब्द बोलले नाही.

त्या कोटाची बाही अजून खिशालाच आहे. उद्या उसवणार आहे.

तुझं ते पत्र मी जपून ठेवलंय. एवढी शिकलीस, मोठ्या पगाराला लागलीस, पण मला कधी उसवलेलं दाखवलं नव्हतंस. आता दाखवलंस. माझ्या दुकानात तुला केव्हाही ठेवून घेईन.

सुट्टी काढून ये. लोभ आहे, अंगाला घट्ट बसेल असा.

तुझी आजी