खोल बाजूचं झाकण

३ मार्च, मंगळवार

पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करणारं मशीन आज पुन्हा अडकलं! तेच ठिकाण — खोल बाजू, मधोमध. दहा मिनिटं तिथल्या तिथे गुरगुरलं आणि लाल दिवा लावून बसलं. नेमके तलावाचे साहेब काठावर उभे. म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत हे मशीन नीट चालवून दाखवा. नाहीतर मशीनवाली कंपनी स्वतःची माणसं आणणार. मग पंपामागची खोलीही त्यांना द्यावी लागेल."

ती खोली! अहो, त्या खोलीत आमचा संसार आहे. ह्यांनी बावीस वर्षं हा तलाव सांभाळला. दीड वर्षापूर्वी अर्धं अंग गेलं, तेव्हापासून मी सांभाळते. ह्यांना उचलून कुठे जाऊ?

४ मार्च

कासवाचं पोट उघडलं. (मी मशीनला कासवच म्हणते.) जाळीत केसांचा हा एवढा बोळा. धुतली. ब्रश काढून साफ केले, पट्टा ताणून पाहिला. पाण्यात सोडलं — पुन्हा तिथेच! मेलं माझ्या जिवावर उठलंय.

६ मार्च

दुरुस्तीवाल्याला फोन. "बंद करून चालू करा." केलं. "वायरला पीळ बसला असेल." सगळी वायर सोडून दुपारभर उन्हात सरळ पसरली. ढिम्म फरक नाही. पुन्हा फोन केला तर विचारतो, "मॅडम, पाण्यात सोडून बघितलं का?" नाही हो, गच्चीवर फिरवतेय! ठेवून दिला फोन.

९ मार्च, सोमवार

तलावाला सुट्टी. कासव सोडलं आणि पोहायचा चष्मा लावून पाण्यात तोंड घालून बघत बसले. आणि सापडलं! पंप पाणी ओढतो त्या नळाचं तोंड तळाला आहे, त्यावरचं झाकण फुगीर. कासव त्यावर चढतं आणि चाकं अधांतरी. मशीन बिचारं धडधाकट!

ह्यांना सांगितलं. बोलणं अजून अडखळतं, पण तलावाचा विषय निघाला की डोळ्यांत जीव येतो. "मीच बसवलंय. जुनं सपाट फुटलं होतं." मग म्हणाले, "काढ. संध्याकाळनंतर पंप बंद असतो, तेवढ्यापुरतं. पण सकाळी सहाला पंप आपोआप चालू होतो. त्याच्या आत लावायचं म्हणजे लावायचं. उघड्या तोंडाशी हात गेला तर सुटत नाही."

साहेबांना सांगायची सोय नाही. सपाट झाकण बसवायचं म्हणजे नळाचं तोंडच बदला, तलाव रिकामा करा, महिना घाला. तोवर आम्ही रस्त्यावर.

तीन मीटर खोल आहे. पोहायला मला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर. तेव्हा मी लाजत होते. आता बरं झालं म्हणते.

१० मार्च

चाललं!! एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कुठे थांबणं नाही. तळ आरशासारखा. जीव भांड्यात पडला.

१४ मार्च

रोजचं ठरून गेलंय. संध्याकाळी बुडी, झाकण काढून शिडीमागे ठेवायचं, रात्री कासव फिरवायचं. पहाटे साडेपाचला बुडी, झाकण लावायचं. कान ठणकतात.

आज मास्तर लवकर आले — मुलांना पोहायला शिकवतात ते. मी झाकण हातात घेऊन उतरत होते! सांगावंच लागलं. डोकं खाजवत म्हणाले, "ताई, हे बरं नाही. मुलं साडेसहाला उतरतात." मी म्हटलं, एक दिवस चुकायची नाही. मग म्हणाले, "बरं. मी काही बघितलं नाही."

देवमाणूस.

१८ मार्च

साहेब खूश. "बाई, तुम्ही तर इंजिनियर निघालात!" ह्यांना सांगितलं तर हसले. वाकडं हसले, पण किती महिन्यांनी!

२२ मार्च, रविवार

उजव्या कानातून पाणी येतंय. अंगात ताप. कशीबशी उतरून झाकण काढलं, कासव सोडलं. उद्या सुट्टी, पंपही बंद. झाकण परवा पहाटे लावीन. मास्तरांनी जाताना कपाळाला हात लावून पाहिला. "भट्टी झालीय ताई, झोपा."

२४ मार्च

मास्तर गेले.

२५ मार्च

लिहून काढते. नाहीतर वेड लागेल.

काल मला जाग आली नाही. तापात काही कळलंच नाही. पंपाच्या आवाजाने उठले. आवाज वेगळा होता, घसा दाबल्यासारखा. अनवाणी धावले, बटण बंद केलं, बाहेर आले. काठावर मास्तरांच्या चपला. सव्वासहा वाजले होते.

उडी मारली. त्यांचा हात खांद्यापर्यंत नळात. पंप बंद झाल्यावर सुटला. वर आणलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. ह्यांनी शिकवलेलं सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. मुलं फाटकाशी येऊन उभी होती, टॉवेल घेऊन.

मीच मारलं त्यांना. दुसरं काय म्हणायचं ह्याला?

एक कळत नाही. झाकण मी शिडीमागे ठेवलं होतं. ते त्यांच्याजवळ तळाशी होतं. कसं गेलं तिथे? पुढे विचार करायची हिंमत होत नाही.

२८ मार्च

साहेबांनी बोलावलं. टेबलावर अपघाताच्या जबाबाचा कागद तयार. मशीनने झाकण उखडलं, मास्तर कुणा मुलाचा तळाशी पडलेला चष्मा काढायला खाली गेले असावेत, असं लिहिलेलं. "बाई, तुमचा काही दोष नाही. तुम्ही तर उडी मारलीत. सही करा, खोली तुमचीच."

घरी येऊन ह्यांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "कर. मी कुठे जाणार?"

केली सही.

२९ मार्च

जेवण जात नाही. ह्यांना भरवते, माझा घास तसाच राहतो.

३१ मार्च

मास्तरांची बायको आली होती. मला वाटलं, उडी मारली म्हणून आभार मानायला. आत बसा म्हटलं, बसली नाही. उंबऱ्यातूनच बोलली.

"त्या दिवशी अंधारातच निघाले. म्हटलं, एवढ्या लवकर? तर म्हणाले, ताई तापाने फणफणलीय, झाकण उघडंच राहिलं असेल, मुलं यायच्या आत लावून येतो. म्हटलं, तिला उठवा ना. तर म्हणाले, झोपू दे तिला."

ह्यांनीही ऐकलं. डोळे मिटून घेतले.

"मी अजून कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलेय."

उद्या साहेब नऊला येतील. सही केलेला कागद परत मागायला मी साडेआठलाच जाऊन बसणार.