चित्रं समजावून सांगणार नाही

३ जानेवारी
शाळेत राजीनामा दिला. एकोणीस वर्षं पोरांना फुलदाणी काढायला शिकवली, बास झालं. आता पूर्णवेळ अमूर्त चित्रकला. बायको म्हणाली, निदान वर्ष संपेपर्यंत थांबायचं होतंस. अमूर्ताला वेळापत्रक नसतं. (हे मनात म्हणालो.)

१९ जानेवारी
गॅलरी मिळाली. मार्चमध्ये सतरा चित्रं. गॅलरीवाल्या बाईंना भिंतीवर लावायला एक पान हवंय, चित्रांमागची भूमिका वगैरे. साफ सांगितलं, चित्र बघायचं असतं, समजावायचं नसतं. एक शब्द लिहिणार नाही. मोडेन पण वाकणार नाही.

२० जानेवारी, सकाळी ११
बाई म्हणाल्या, पान नसेल तर भिंतही नाही.

दुपारी ४
का लिहिणार नाही, एवढंच लिहून देणार. चार ओळी. याला वाकणं म्हणत नाहीत.

२ फेब्रुवारी
चार ओळींची नऊ पानं झाली. माझं करडं चित्र बघून आईने पाहुण्यांना सांगितलं होतं, भिंतीला ओल आलीय, तेही त्यात आलं. चौदावं चित्र अर्धवट पडलंय. उद्यापासून लिहिणं बंद.

११ फेब्रुवारी
पानं चौदा, चित्रंही चौदाच. सतराचा हट्ट तसाही बाजारू होता.

५ मार्च
उद्घाटन. तोबा गर्दी. सगळे लेखाच्या भिंतीशी. हसत होते. एक आजी डोळे पुसत होत्या. चित्रांकडे सगळ्यांची पाठ. अस्सल चित्राला सामोरं जाणं जड जातं लोकांना.

९ मार्च
लेख पेपरात आला, अख्खा. त्यामुळे चित्राला जागा उरली नाही. बायकोने दोनदा वाचला. म्हणाली, इतक्या वर्षांत तुझं काहीतरी पहिल्यांदा कळलं. विचारलं, कुठलं चित्र? म्हणाली, चित्र नाही रे. निषेध म्हणून जेवलो नाही. तीनला जेवलो.

१२ मार्च, सकाळ
चौदाच्या चौदा चित्रं टेम्पोने परत. बायकोने पलंगाखाली जागा केली. पेपरच्या संपादकांचा फोन. दर रविवारी असंच लिहा म्हणाले, आठशे शब्द. मी चित्रकार आहे. नकार देणार, आणि तोही लेखी, सकारण.

संध्याकाळ
नकार पाठवला. बाराशे शब्द झाले. संपादक म्हणाले, झकास आहे, चारशे कमी करा, या रविवारी छापतो.
करतोय कमी.