बाबूजी दिल्लीला राहिले

कुडवा, गोंदिया
२१ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. रुख्माताईस,
उमेंद्रचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मी बोललेलं तुझ्या सासूबाईंकडून संध्याकाळपर्यंत मायला कळतं. हे पत्र वाचून तुझ्याजवळच ठेव.

बाबूजींच्या अस्थी प्रयागला सोडून आलो, तरी मायने अजून गंगापूजनाचा दिवस धरू दिलेला नाही. प्रयागहून आणलेली गंगाजळाची लोटी देवघरात तशीच झाकलेली आहे. नातेवाईक रोज विचारतात, जेवण कधी. माय एकच वेळ जेवते आणि म्हणते की तुझा बाप दिल्लीत बसून राहिला, गंगेत नुसती हाडं गेली.

हे तिच्या डोक्यात तू घातलंस. मी तुला एकटीला सांगितलं होतं.

अस्थी नेताना गेलेल्या माणसाला प्रत्येक ठिकाणी बसा, उतरा, चला असं सांगत न्यायचं, नाहीतर तो तिथेच राहतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोंदियाला गाडीत बसताना सांगितलं, दिल्लीला उतरताना सांगितलं. ऑटोत बसताना सांगितलं तेव्हा ऑटोवाला दोनदा वळून पाहत होता. एकाच ठिकाणी राहिलं. प्रयागला सरळ न जाता दिल्लीला का गेलास, असं तूही विचारलंस. आपला माणूस आकाशातून ज्यात बसून परतला, ते दिल्लीच्या संग्रहालयातलं यान पाहायचं म्हणून बाबूजी चाळीस वर्षं बोलत होते आणि आपण चाळीस वर्षं पुढच्या वर्षी म्हणत होतो. म्हणून गेलो.

संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने सामान बाहेर ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, गळ्यातली पिशवी ठेवता येणार नाही, ती जमिनीला टेकवायची नसते. काय आहे ते सांगावं लागलं. मागे रांग होती, सगळे ऐकत होते. त्याने आत जाऊन साहेबाला विचारलं आणि मला पिशवीसकट सोडलं.

यान आपल्या धान साठवायच्या ढोलीपेक्षा फार मोठं नाही. बाहेरून करपलेलं, चुलीवरच्या गंज-पातेल्यासारखं. मी पिशवी दोन्ही हातांनी थोडी पुढे धरून उभा राहिलो. शाळेची मुलं आली, त्यांच्या बाई सरका सरका म्हणू लागल्या, गाडीची वेळ झाली होती. मी निघालो. चला म्हणायचं राहिलं. एवढंच झालं.

आता माय म्हणते, दिल्लीला जाऊन त्यांना घेऊन ये. तू तिला समजाव. भाऊजींना नमस्कार. माझ्यावर चिडलीस तरी उत्तर लिही.

तुझा,
उमेंद्र


सौंदड
२८ नोव्हेंबर २०२४

चि. उमेंद्रला रुख्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. धान चुरणं चालू आहे, मळणीची कुसं अंगात भरली आहेत, आणि वर तुझे टोमणे. मी मायला मुद्दाम सांगितलं नाही. तिनेच मला ठिकाणं एकेक करून विचारली. तिथून निघताना सांगितलं का, असं विचारल्यावर मी गप्प बसले. माझं गप्प बसणं तिला लहानपणापासून कळतं. यात स्पीकरचा काय दोष?

आणि चूक कोणाची? एक शब्द बोलायचा होता. तुला लोकांची लाज वाटली असणार. बाबूजींना खांदा देतानाही तू तोंडातून आवाज काढला नाहीस. सगळे म्हणत होते, पोरगा मोठा घट्ट आहे. मला माहीत आहे घट्ट किती आहे ते.

समजावण्याचं काम मला जमणार नाही, कारण मला मायचं पटतं. बाबूजी सांगितल्याशिवाय कधी उठले आहेत का? माझ्याकडे येताना सौंदड स्टेशनात गाडी थांबायची, लोक उतरून जायचे, आणि हे खिडकीतून बाहेर पाहत बसलेले. आलं, उतरा, असं मायने म्हटल्यावरच चप्पल शोधायचे. एकदा ती आधी उतरली आणि हे पुढच्या स्टेशनापर्यंत गेले. तुझे भाऊजी अजून ती गोष्ट सांगून हसतात. असा माणूस त्या यानासमोरून आपल्या मनाने उठेल का?

आपला माणूस आकाशात जाऊन आला तेव्हा तू मायच्या पोटात होतास. बाबूजी रेडिओ घेऊन बांधावर बसले होते. तो वर कसा गेला हे सगळे विचारत होते. बाबूजी विचारत होते, खाली कशात बसून आला.

वाद न घालता मायला घेऊन जा. तिचे गुडघे दुखतात, खालची बर्थ घे. माझं बोलणं कडू लागलं तर त्यावर गूळ खा, पण बहिणीला विसरू नको.

तुझी ताई,
रुख्मा


कुडवा, गोंदिया
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. रजेसाठी कार्यालयात काय कारण सांगितलं ते विचारू नकोस. खालची बर्थ मिळाली, पण माय तिच्यावर झोपलीच नाही. सारा वेळ समोरच्या बाईला सांगत होती की आम्ही माझ्या मालकांना आणायला जात आहोत. त्या बाईने विचारलं, दवाखान्यात आहेत का. मी वरच्या बर्थवर चादर डोक्यावर घेतली.

दारात तोच पहारेकरी होता. त्याने मला ओळखलं आणि आज गळ्यात काही नाही का, असं विचारलं. मी काही सांगायच्या आत मायने त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. आपली खुर्ची उचलून आत आणली आणि यानाजवळ ठेवली. नियमात ते बसत नसावं.

माय बसली. मग उठून यानाला पूर्ण फेरी मारून आली आणि पुन्हा बसली. मला पाटी वाचायला लावली. तिघं बसून आले म्हटल्यावर तिला खरं वाटेना, पाय कुठे ठेवत होते म्हणाली. नंतर बराच वेळ नुसती पाहत राहिली. गाडीची वेळ जवळ आली तसं मी तिला म्हटलं, आता बोलाव त्यांना. ती ऐकेना. पुन्हा म्हटलं. तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाहू दे त्यायले. यायचं असन तं येतीन."

ताई, मी चिडलो. ज्या एका शब्दासाठी मला महिनाभर बोल लावले, तोच शब्द तिने उच्चारला नाही. मी तिथेच, लोकांसमोर, तिला नको ते बोललो. मग तुझ्यापायी माझी रजा कशाला घालवली, असंही म्हटलं. तिने खुर्चीला हात लावून नमस्कार केला, पहारेकऱ्याला सुखी राहा म्हटलं आणि बाहेर चालू लागली. परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र सारी वाट गाढ झोपली.

गोंदिया आलं. दारात उतरणाऱ्यांची गर्दी होती. माय माझ्यापुढे, कपड्यांची पिशवी हातात. मला काय झालं माहीत नाही. मागच्या वेळची सवय म्हणावी, तर मागच्या वेळी मी ओठांतल्या ओठांत सांगत होतो. या वेळी चांगल्या मोठ्याने म्हणालो, "बाबूजी, गोंदिया आलं. उतरा."

लोक वळून पाहू लागले. मला डोळे लपवता येईनात. माय फलाटावर उतरली होती. तिने मागे पाहिलं, पिशवी बाजूला ओढली आणि दारासमोरून सरकून एक माणूस उतरेल एवढी जागा केली. मी उतरून तिच्याशेजारी उभा राहिलो. तरी ती गाडी हलेपर्यंत थांबली. मग म्हणाली, चप्पल सापडली असन आता, चाल.

गंगापूजन येत्या रविवारी आहे. दिवस मायनेच धरला. चुरणं राहिलं असलं तरी तुम्ही सगळे या, आणि हे फोनवर कोणाला सांगू नकोस. जेवढी रागावतेस तेवढीच माया राहू दे.

तुझा,
उमेंद्र