मे महिन्यातला केक

२१ एप्रिल २०२५, सोमवार

विनीतचा फोन आला आणि मी हो म्हणून बसले!

विनीत म्हणजे बाबांचा मुलगा. दुसऱ्या घरचा. त्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. एकदम ‘ताई’ म्हणाला. अठरा मेला बाबांची पंचाहत्तरी आहे, मंडणगडजवळच्या गावी. मुंबई सोडल्यापासून बाबा तिथेच असतात. केक तुमच्या हातचा हवा, बाबांनीच सांगितलंय, म्हणाला. माझ्या केकचे फोटो कुणीतरी त्यांना फोनवर दाखवले म्हणे.

बाबांना शेवटचं पाहिलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. दोन दिवस विचार करते, एवढं तरी म्हणायला हवं होतं.

आईला सांगितलं. ती हाताला खोबरेल चोळून फणस सोलायला बसली होती. ‘जा की,’ म्हणाली आणि पुढचा गरा काढला.

२३ एप्रिल

हो का म्हणाले, ते इथे तरी खरं लिहावं.

एका केकमुळे. माझ्या सहाव्या वाढदिवसाचा केक – ११ मे १९८५. बाबा तेव्हा मुंबईला कंपनीत होते. घरी येणं जवळजवळ थांबलेलं. गावात बोलणी खाण्यापेक्षा आई मला घेऊन रत्नागिरीत येऊन राहिली होती, एका खोलीत. त्या वर्षी बाबा रात्रभर एस.टी.त केक मांडीवर धरून आले. पहाटे पोचले, मी झोपलेली. माझ्या कपाळावर हात ठेवला, आईजवळ केक दिला आणि रजा नव्हती म्हणून पहिल्या गाडीने परत गेले. हे सगळं आईने सांगितलेलं. मला इतक्या वेळा सांगितलंय की कपाळावरचा हातसुद्धा आठवतो.

पुरावा म्हणून फोटो आहे. बाजारपेठेतल्या स्टुडिओत काढलेला. आई तिथे झाडलोट करायची, येणाऱ्या मुलांचे केस विंचरून पावडर लावायची, म्हणून फोटो फुकट. मी फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घालून, हातात सुरी, आणि समोर तो केक. पांढरा, कडेला झालर, वर पाच गुलाब. डावीकडच्या गुलाबाची खालची पाकळी बाहेर वळलेली, कुणीतरी हाक मारावी आणि मान वळवावी तशी.

‘फोटो आधी, कापायचं घरी,’ आई म्हणाली होती. घरी ताटलीत वड्या आल्या. पिवळ्याधमक, मऊ, ओलसर. ती चव अजून जिभेवर आहे. बहुतेक पाइनॅपल असावं. वीस वर्षं पाइनॅपलचे इसेन्स बदलतेय, एकातही ती चव नाही.

३० एप्रिल

मी केक शिकले ते त्या फोटोवरून. कुठला क्लास नाही की काही नाही. लग्नानंतर कुकरमध्ये वाळू घालून पहिला केक भाजला – वरून भेगाळला, खाली करपला. ‘कातळावर आलो वाटतं,’ असं म्हणून यांनी तो सगळा खाल्ला होता. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा कापून आयसिंगचा कोन केला. आणि समोर भिंतीला टेकवून तो फोटो! एक गुलाब जमेपर्यंत अख्खी वाटी क्रीम पुन्हा पुन्हा खरवडून भरलं. ती बाहेर वळलेली पाकळी जमायला तर पावसाळा संपला.

आता माझ्या प्रत्येक केकवर डावीकडे एक तसा गुलाब असतो. नाव लिहिलेलं नसलं तरी लोक ओळखतात.

एक आईच काय ती माझ्या गुलाबांना नावं ठेवते. आयुष्यात केकला हात न लावलेली बाई! आजसुद्धा मागे येऊन उभी राहिली. ‘बूड जाड ठेव नि कडेला पातळ कर. दाबू नको, आपसूक वळू दे.’ मी म्हटलं, तू ये इकडे बसायला. तर पदराला हात पुसत निघून गेली.

तिचं बरोबर होतं. पातळ केल्यावर सुरेख वळली.

३ मे

मालगुंडची ऑर्डर नेऊन दिली. मुलीचं बारसं. एवढासा रस्ता, गाडीत एसी, तरी आरेवारेच्या वळणांवर एक गुलाब घसरला तो घसरलाच. तिथे पडवीत बसून नीट केला. बाळाची आजी बघून म्हणाली, मोडलेलाच जास्त बरा दिसत होता.

मे महिन्यात क्रीम टिकत नाही. मीच प्रत्येकाला बजावते – उन्हाळ्यात लांब न्यायचा तर गुलाब नकोत, साधा घ्या.

परत येताना बाबांचाच विचार डोक्यात. त्या काळच्या एस.टी.त, पत्रा तापलेला, रात्रभर घाट, आणि मांडीवर केक. एक पाकळी मोडली नव्हती! किती जपून आणला असेल. असं जपून आणणारा माणूस अगदीच दगड नसणार. पुढे जे वागला ते वागला, पण एक रात्र तरी तो फक्त माझा बाप होता.

त्यांच्यासाठी तोच केक करायचा ठरवलं. पांढरा, झालर, पाच गुलाब. बघून ओळखतील.

७ मे

दुबईहून आलियाचा मेसेज. तिच्या आईची, रहिमाची पन्नाशी आहे. रहिमा राजिवड्यात राहते, ईदचा शीरखुर्मा न चुकता घरी पाठवणारी. ‘आंटी, अम्मीच्या लहानपणी असा केक होता. अगदी असाच हवा.’ सोबत फोटो.

माझाच केक.

म्हणजे फोटोत नऊ वर्षांची रहिमा, चंदेरी काठाची ओढणी, हातात सुरी, आणि समोर माझा केक. पाच गुलाब. डावीकडची पाकळी वळलेली. फोटोखाली तारीख – डिसेंबर १९८४.

माझ्या वाढदिवसाच्या पाच महिने आधी!

दुपारी रहिमाला फोन केला. केकचं गुपित फुटू नये म्हणून आडून आडून विचारलं. ती हसतच सुटली. ‘अगो, तो खायचा कुठला! स्टुडिओतला केक तो, शाडूचा. आम्ही सगळी पोरं त्याच्याच मागे उभी राहिलोय. नुसती सुरी टेकवायची. माझ्या भावाने बोट लावून चाटलंन, तर दिवसभर थुंकत बसला.’

मीही हसले. फोन ठेवल्यावर गॅसवरचा पाक करपला तरी कळलं नाही.

८ मे

मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, मला!

लोण्याचं क्रीम. मे महिना. मुंबई ते रत्नागिरी, रात्रभर. पोचेपर्यंत गुलाबाचा नुसता गोळा झाला असता. मालगुंडपर्यंत पाकळी जात नाही, आणि ही इथवर धड आली? दर उन्हाळ्यात शंभर लोकांना सांगितलेली गोष्ट मी स्वतःच्या केकला कधी लावली नाही. फोटो हजार वेळा पाहिला. क्रीमला अशी मंद, कोरडी झाक नसते, तेही मला ठाऊक होतं.

म्हणजे केक नव्हता. एस.टी. नव्हती. कपाळावरचा हातसुद्धा –

विनीतला कळवायचं की जमणार नाही.

९ मे

आईला विचारलं. दोन्ही फोटो समोर ठेवले.

माझ्या फोटोवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, ‘नाय आला तुझा बापूस.’

मी विचारलं, मग मला असं का सांगितलंस?

‘शेजारच्या पोरी म्हणायच्या, हिला बापूसच नाय. तू घरी येऊन विचारलंस. काय सांगणार व्हते? म्हटलं, आलेला, तू झोपलेलीस. एकदा सांगितलं, मग तूच रोज सांग म्हणायचीस.’

एवढंच म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं. मला मात्र राग आला. तिचा नाही – की तिचाच? चाळीस वर्षं मी एका माणसाला एका केकचं श्रेय देत आले. त्याच्यावर रागावले की तो केक आडवा यायचा. माझ्या लग्नात तो आला नाही, तेव्हासुद्धा केकच आडवा आला होता.

मी म्हटलं, मी काही जात नाही आता.

आई म्हणाली, ‘तू केकसाठी जात व्हतीस की माणसासाठी, ते ठरव.’ आणि कपडे काढायला मागीलदारी गेली.

११ मे, रविवार

सेहेचाळीस पूर्ण.

सकाळी आईने पुढ्यात ताटली ठेवली. सांदण, फणसाच्या रसात रवा वाफवलेलं. आमच्या घरी सांदण कधी होत नाही. फणस मला बाधतो, असं ती म्हणते, आणि मला कधी बाधल्याचं आठवत नाही. लोकांकडे खाल्लंय, पण ते गुळाचं, तांबूस. हे साखरेचं. पिवळंधमक. वड्या कापलेल्या.

एक घास घेतला.

पाइनॅपल!

‘गूळ घातला असता तर केक वाटला नसता,’ आई म्हणाली. ‘साखर घातली नि थोडं जायफळ. मग पुन्हा कधी केलं नाय घरात. तुझ्या ध्यानात आलं असतं.’

सगळ्या वड्या संपवल्या. यांनी एक मागितली, दिली नाही.

१४ मे

जाते आहे. ऑर्डर घेतलेली आहे, शब्द दिलेला आहे – असं यांना सांगितलं. स्वतःला काय सांगू, ते अजून सापडत नाही.

निदान त्या माणसाला एकदा बघावं. केकशिवाय. नुसता कसा आहे ते.

आता वर काय काढायचं? तो फोटोतला केक करायचा नाही, हे नक्की. साधी झालर, मधे ७५, बस्स. आईला तसं म्हटलं, तर ती लसूण सोलता सोलता थांबली.

‘गुलाब काढ.’

कशाला?

‘नेहमीचे काढ तुझे. पाच. ती वळलेली पाकळी घाल.’

मी म्हटलं, शाडूच्या केकची नक्कल त्या माणसाला का द्यायची? ज्याने आणलाच नाही त्याला?

‘तुझी ओळख आहे ना ती? लोक ओळखतात म्हणतेस. मग घाल.’

आईने माझ्या कामात असा हट्ट कधी धरला नव्हता.

१६ मे

गुलाब झाले. बारा केले, त्यातले पाच न्यायचे. केक वेगळा, गुलाब वेगळे, बर्फाच्या पेटीत. तिथे पोचल्यावर लावायचे. पेटीत कुठे काय ठेवायचं ते आईने उभं राहून बघितलं. उरलेल्या सातांतला एक उचलून उजेडात धरला, फिरवला, परत ठेवला. पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत.

तिला म्हटलं, चल तूही. ‘मी नि तिथं? मला काय काम?’ मग थोड्या वेळाने, मी विचारलं नसताना – ‘लग्नाआधी एकदा तो हेदवीला आलेला. आमच्या अण्णांच्या गणपतीच्या शाळेत. गावासाठी मूर्ती न्यायला.’

मग? – तर म्हणे मग काय, मूर्ती घेऊन गेलान.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांची ती शाळा, म्हणजे गणपती घडवायची जागा, मी कधी पाहिली नाही. मी जन्मायच्या आधीच बंद पडली. शाडूचे गोळे अंगणात रचलेले असायचे, घरातली सगळी हाताखाली लागायची, एवढंच आई कधीतरी बोललेली.

१७ मे

उद्या पहाटे साडेचारला निघायचं. ऊन चढायच्या आत घाट संपायला हवा. हे म्हणतात, तुझ्या केकपेक्षा मीच आधी वितळेन.

बाबांशी काय बोलायचं, चार वाक्यं मनात जुळवली. एकही धड नाही.

१८ मे, रविवार. मंडणगड

केक पोचला. एकही पाकळी हलली नाही.

बाबा खूप बारीक झालेत. मला म्हणाले, ‘आलीस,’ आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. विनीतने सुरी हातात दिली. सगळे टाळ्या वाजवायला उभे. बाबा सुरी धरून केककडे बघतच राहिले. मग त्या वळलेल्या पाकळीपाशी बोट नेलं. टेकवलं नाही.

‘हे फूल चिमाचं आहे,’ म्हणाले. ‘तिच्या अण्णांच्या शाळेत शाडूची अशी फुलं ती एकटीच करायची. पाकळी अशी बाहेर काढायची. मी बघत बसलेलो. तुला शिकवलान वाटतं तिने.’

चिमा म्हणजे आई.

मागीलदारी जाऊन आईला फोन लावला. विचारलं, स्टुडिओतला तो केक तू केला होतास?

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाली,

‘पाकळी मोडली नाय ना गो वाटेत?’